शिअरा, फूटपट्टी आणि तीन काळ्या रेषा

नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक आकृती दरवर्षी फळ्यावर काढावी लागते. काचेचा लोलक, एका बाजूने आत जाणारा पांढरा किरण आणि दुसऱ्या बाजूला फाकलेले सात रंग. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला वर्णपंक्ती म्हणतात, उर्दूत तैफ. मी दोन्ही भाषांत शिकवते, त्यामुळे दोन्ही शब्द तोंडात बसलेले आहेत. अरबीत 'तैफ' म्हणजे खयालात किंवा स्वप्नात दिसून जाणारी छाया. न्यूटनने या पट्ट्याला 'स्पेक्ट्रम' हे लॅटिन नाव दिलं, त्याचाही जुना अर्थ जवळजवळ तोच. मुलांच्या दृष्टीने तो खरोखर आभासच असतो. पाहिलेला कुणी नसतो, आकृती मात्र सगळ्यांना पाठ असते.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, सूर्यात आणि ताऱ्यांत हायड्रोजन आहे म्हणता, पण तो तिथून आणला कुणी?" वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. १८३५ साली ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांची अंतरं आणि गती माणसाला कळतील, पण ते कशाचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत, १८५९ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात किरखॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपल्या ठरलेल्या जागीच रेषा उमटवतं. रेषा ओळखली की मूलद्रव्य ओळखलं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे हेही पुस्तकातच आहे."

तिचं म्हणणं बरोबर होतं. याचं उत्तर तोंडाने देता येत नाही, दाखवावंच लागतं.

सुरुवात खोक्यापासून केली. बुटांचा रिकामा खोका, एका टोकाला दाढीच्या पात्याचे दोन तुकडे अगदी जवळजवळ चिकटवून केलेली बारीक फट, आणि दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका लावलेला. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ ओळी असतात. इतक्या दाट ओळींवर पडलेला प्रकाश रंगारंगांत फुटतो, त्यासाठी लोलक लागत नाही. सूर्याकडे खोका रोखायचा नाही ही ताकीद मुलींना दहा वेळा दिली. पांढऱ्या भिंतीवरचा उजेड पुरतो. घरातल्या जुन्या सीएफएल दिव्याकडे पाहिलं तर अखंड पट्टा दिसत नाही. सुट्या रेषा दिसतात, त्यात एक झगझगीत हिरवी. ती पाऱ्याची. एलईडी दिव्यात मात्र रंग एकमेकांत मिसळलेले असतात. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं की पिवळी रेषा उभी राहते, ती सोडियमची.

हा खोका मी घरी आणला तेव्हा अब्बांनी तो डोळ्याला लावला. अब्बांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ते खोका या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेत राहिले. मग म्हणाले, "ऑपरेशनवाल्या डोळ्याला जांभळ्या टोकाची रेषा साफ दिसते. या दुसऱ्याला ती नाहीच." डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि जांभळा, निळा उजेड अडवतं. इतक्या हळू की माणसाला आपलं काय गेलं ते कळतच नाही. अब्बांना ते बुटांच्या खोक्यामुळे कळलं.

अब्बांविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या रत्नागिरीकडच्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरातला कर्ता माणूस समुद्रावर होता. ते खलाशी म्हणून जहाजावर चढले आणि परीक्षा देत देत ऑफिसर झाले. सॅटेलाइट येण्याआधीच्या काळात ते सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजायचे. मगरिबच्या नंतर आणि पहाटे सूर्योदयाच्या आधी, जेव्हा क्षितिजही दिसतं आणि तारेही, अशा मोजक्या मिनिटांत. नॉटिकल अल्मनॅकमध्ये त्यासाठी ५७ तारे निवडलेले असतात. त्यांतली कितीतरी नावं अरबी आहेत. अल्देबरान म्हणजे अद्-दबरान, सुरय्याच्या मागोमाग जाणारा. आपण मराठीत त्याला रोहिणी म्हणतो आणि सुरय्याला कृत्तिका. फोमलहौत म्हणजे फमुल-हूत, माशाचं तोंड. मृग नक्षत्रातली लाल काक्षी इंग्रजीत बीटलज्यूस झाली, ती मुळात यदुल-जौझा. युरोपात कुणी नक्कल करताना 'ये'चे दोन नुक्ते एक समजला आणि 'यद'चा 'बद' झाला. उर्दूच्या वर्गात नुक्त्याचं महत्त्व सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

अब्बा म्हणायचे, "आम्ही उभी जिंदगी ताऱ्यांकडून फक्त आपला पत्ता विचारला. त्यांची विचारपूस कधी केली नाही." आता त्यांना आकाशातला एकही तारा नीट दिसत नव्हता. त्यांचे तारे त्यांना परत दाखवता येतील का, हा विचार माझ्या मनात त्या मुलीच्या प्रश्नाइतकाच होता.

दुर्बीण आमच्याकडे नाही. तिची गरजही पडली नाही. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि स्टँड मागून घेतला. पोस्टाने ग्रेटिंगची फिल्म मागवली, मिलिमीटरला ५०० ओळींची. एवढीशी पारदर्शक चौकोनी चकती, हजार रुपयांच्या खूप आत. पुठ्ठ्याची चौकट करून ती लेन्सच्या पुढे बसवली. एवढंच साहित्य.

खोक्याला फट लागते, ताऱ्याला लागत नाही. फट असते ती पसरट दिव्याचा उजेड एका बारीक रेघेत आणायला. तारा तर स्वतःच एक ठिपका आहे. फिल्ममधून पाहिलं की मधे तारा आणि त्याच्यापासून दूर, दोन्ही बाजूंना, रंगीत धागा. पण धागा म्हणजे धागा, केसाइतका बारीक. त्याच्यात काळी रेषा असली तरी दिसायची कशी? इथे पृथ्वी मदतीला येते. कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवायचा, ताऱ्यामागे फिरवायचा नाही. पृथ्वी फिरते, तारा चौकटीत पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. फिल्म अशी फिरवून लावायची की रंगीत धागा उत्तर-दक्षिण राहील. मग तीस सेकंदांत तो धागा आडवा सरकत जातो आणि त्याचा पट्टा विणला जातो. रंगांच्या मधे कुठे उजेड नसेल तर तिथे पट्टाभर काळी रेषा राहते. खरं तर महागड्या उपकरणांत ताऱ्यामागे फिरणारी मोटर असते, आणि आमच्याकडे ती नव्हती हाच आमचा फायदा झाला.

आमच्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने आकाश विसरायचं. दिवाळीनंतरही खाडीवरून धुकं येतं, लेन्सवर दव बसतं. ते पुसायला अम्मीचा मलमलचा दुपट्टा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नवाच्या सुमाराला व्याध डोक्यावरून थोडा दक्षिणेला असतो. व्याध म्हणजेच शिअरा, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि सूरह नज्ममध्ये ज्याचं नाव आलं आहे तो. इशाची नमाज झाली की पाच-सहा मुली आपापल्या आयांना घेऊन आमच्या गच्चीवर यायच्या. आयांसाठी चहा, मुलींसाठी सतरंजी.

शेजारच्या खालांना ते आवडलं नाही. "मुलींना नजूम शिकवतेस?" त्यांनी थेट विचारलं. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं की नजूमवाला ताऱ्यावरून तुमचं नशीब सांगतो, इथे आम्ही तुमच्याविषयी काही विचारत नाही, ताऱ्याविषयीच विचारतो. इल्मे-हैअत वेगळं, नजूम वेगळं. चौदाव्या शतकात दमिश्कच्या उमय्या मशिदीत इब्न अश्-शातिर हे नमाजाच्या वेळा ठरवायला नेमलेले होते आणि ग्रहांच्या गतीवरचं त्यांचं गणित आजही अभ्यासलं जातं. खाला पूर्ण पटल्या असं म्हणवत नाही. पण त्या बसल्या, आणि पुढच्या वेळी भज्या घेऊन आल्या.

व्याधाचा फोटो संगणकावर मोठा केला तेव्हा निळ्या-जांभळ्या बाजूला तीन काळ्या रेषा स्पष्ट होत्या. एक निळसर हिरव्यात, एक गडद निळ्यात, एक जांभळ्यात. डाव्या हाताची बोटं अंतर राखून ठेवावीत तशा, पण अंतरं सारखी नाहीत. जांभळ्याकडे जाताना रेषा जवळ येत जातात. झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट काढून आणली आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या हातात फूटपट्टी दिली. पहिल्या दोन रेषांमधलं अंतर २६ मिलिमीटर, पुढच्या दोन रेषांमधलं १२.

आता मी योहान बाल्मर यांचा उल्लेख करते, कारण ते माझ्यासारखेच शिक्षक होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मुलींच्या शाळेत ते गणित शिकवायचे. साठीच्या घरात असताना, १८८५ साली, त्यांनी हायड्रोजनच्या रेषांसाठी एक सूत्र मांडलं. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचं कारण कळायला पुढे नील्स बोर यावे लागले. पण सूत्र इतकं सोपं आहे की नववीच्या मुलीला सुटतं. ३६४.५६ ही संख्या घ्यायची. २ पेक्षा मोठी कुठलीही पूर्ण संख्या घेऊन तिच्या वर्गाने गुणायचं आणि त्याच वर्गातून ४ वजा करून आलेल्या संख्येने भागायचं. ४ घेतले तर १६ भागिले १२, उत्तर ४८६.१. ५ घेतले तर २५ भागिले २१, उत्तर ४३४. ६ घेतले तर ३६ भागिले ३२, उत्तर ४१०.१. या झाल्या हायड्रोजनच्या तीन रेषांच्या तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

मुलीने वजाबाकी केली. पहिल्या दोघींमधलं अंतर ५२.१, दुसऱ्या दोघींमधलं २३.९. भागाकार २.१८. मग कागदावरचे २६ भागिले १२. उत्तर २.१७. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे धरला तरी ते सुमारे २ आणि २.३ यांच्या मधेच राहतं.

गच्चीवर नव्हे, आमच्या ओटीवर हे चाललं होतं, रविवारी दुपारी. मुलगी खूश. अब्बा मात्र खूश नव्हते. त्यांना शंका घेण्याची जुनी सवय आहे; जहाजावर एका ताऱ्याच्या मोजणीवर भरवसा ठेवत नाहीत, तीन तारे घेतात. ते म्हणाले, "दोन अंतरांचा हिशेब जुळला. जुळूही शकतो असाच. आता ज्याची तुम्ही मोजणी केली नाही असं काहीतरी सांगा."

मुलीने पुन्हा सूत्र घेतलं आणि ४ च्या आधीचा आकडा घातला. ३ चा वर्ग ९, भागिले ५, उत्तर ६५६.२. ही लाल रंगातली रेषा. पहिल्या रेषेपासून ती १७०.१ नॅनोमीटर दूर हवी. ५२.१ नॅनोमीटरला कागदावर २६ मिलिमीटर लागतात, तर १७०.१ ला किती? त्रैराशिक. उत्तर सुमारे ८५ मिलिमीटर.

अब्बांनी कपाटातून आपला पितळी डिव्हायडर आणवला, नकाशावर मैल मोजायचा. फूटपट्टीवर ८५ मिलिमीटरचं माप घेतलं, एक टोक पहिल्या काळ्या रेषेवर ठेवलं आणि दुसरं टोक लाल रंगात टेकवलं. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे गाळणी असते, ती गडद लाल उजेड बराचसा अडवते. त्यामुळे तिथे पट्टा मंद होता आणि आम्ही कुणी तिथे नीट पाहिलंच नव्हतं. मुलीने कागद खिडकीजवळ धरला. डिव्हायडरच्या टोकाखाली एक बारीक, फिकट, पण पट्टाभर गेलेली काळी रेषा होती.

कुणी काही बोललं नाही. मग अब्बा म्हणाले, "आहे." त्या मुलीने वहीत तारीख घातली आणि खाली सही केली. सही कशाला, असं मी विचारलं नाही.

व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. त्या पट्ट्यातला उजेड तिथून निघाला तेव्हा ही मुलगी पहिलीतही गेली नव्हती. आणि त्यात पाण्यातला हायड्रोजन, ओटीवरच्या तांब्यातला.

एका ताऱ्यावर थांबणं शक्य नव्हतं. काक्षीचा पट्टा काढला तेव्हा मुली गोंधळल्या, कारण त्यात त्या तीन रेषा उठून दिसेनात. उलट लाल-नारिंगी भागात जिन्याच्या पायऱ्यांसारखे रुंद पट्टे, एका कडेला तुटक आणि दुसऱ्या कडेला विरत जाणारे. ते टायटॅनियम ऑक्साइडचे. मग काक्षीत हायड्रोजन नाही? आहे, भरपूर आहे. इथे मेघनाद साहांचं नाव घ्यावं लागतं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. त्याने १९२० साली गणिताने दाखवलं की कुठली रेषा ठळक दिसेल हे ताऱ्याच्या तापमानावर फार अवलंबून असतं. व्याधाचा पृष्ठभाग दहा हजार अंशांच्या जवळ, काक्षीचा साडेतीन हजारांच्या आसपास. तिथला हायड्रोजन आहे तिथेच आहे, पण त्या आचेवर तो या रेषा पुरेशा उमटवत नाही. रेषा नाही म्हणजे वस्तू नाही, असं समजायचं नसतं. साहांच्याच सूत्राचा आधार घेऊन १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीने ताऱ्यांत हायड्रोजन सगळ्यात जास्त असल्याचं आपल्या प्रबंधात मांडलं, तेव्हा मोठमोठ्यांना ते खरं वाटलं नव्हतं.

याच काळात शाळेची सहल विजयदुर्गला गेली. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. गावात सांगतात की १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकयर साहेबाने तिथूनच हेलियम शोधला. मुलींनी विचारलं म्हणून मला शोधावं लागलं. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरंच या बाजूने गेलं होतं, आणि त्या दिवशी जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तिथूनच ऑक्टोबरमध्ये तेच काम केलं, आणि तिथल्या एका पिवळ्या रेषेला पुढे हेलियम हे नाव मिळालं. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅमसे यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. याने कट्ट्यांचा मान कमी होतो असं मला वाटत नाही. वर्णपट घ्यायला एवढी मोठी मोहीम जहाजाने आमच्या किनाऱ्यावर उतरली, हे काय थोडं आहे? पण तारीख खरी सांगावी.

अब्बांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन आता झालं आहे. आम्ही पट्ट्यांच्या प्रिंट काढून मागे नावं लिहून ठेवली आहेत, आणि मुली त्या पत्त्यांसारख्या पिसून त्यांच्यापुढे टाकतात. व्याध आणि काक्षी ते झटक्यात ओळखतात. राजन्य, म्हणजे रिजेल, आणि व्याध यांच्यात वाद होतो. दोघांत हायड्रोजनच्या रेषा आहेत, फक्त व्याधाच्या जास्त ठळक. दबरानचा पट्टा त्यांना अजून ओळखता येत नाही आणि त्याचा त्यांना राग येतो.

त्यांची फर्माइश सुहैलची आहे. मराठीत तो अगस्ती, व्याधाच्या खालोखाल तेजस्वी, आणि अरब नाखवांचा लाडका. आमच्याकडून तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर येतो, आणि गच्चीच्या दक्षिणेला नेमकं खालांचं आंब्याचं झाड आहे. ते कापायचा प्रश्नच नाही, हापूस आहे. येत्या जानेवारीत कॅमेरा बंदरावर न्यायचा ठरलं आहे. भाच्याने सांगितलंय की लग्नाच्या तारखा सोडून कुठलीही रात्र चालेल.